करडाला भूल देताना

गटाच्या बैठकीत शेळ्यांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. करडाचं ऑपरेशन करायचं तर डॉक्टर भूल देणार, आणि भुलीनंच करडू गेलं तर? या भीतीनं काही जणी उपचारच टाळतात. काही जणी म्हणतात, भूल नको डॉक्टर, आम्ही चौघी धरतो. दोन्हीकडे हाल करडाचेच होतात. म्हणून आज भुलीबद्दल बोलू या.

लहान वयात ऑपरेशनची वेळ येतेच. एखादं करडू जन्मतःच लेंडीची वाट बंद असलेलं निघतं. त्याचं पोट फुगतं, ते दूध सोडतं. वेळेत वाट मोकळी केली नाही तर ते जगत नाही. एखाद्याच्या बेंबीतून आतडं खाली उतरतं, एखाद्याचा पाय मोडतो. भुलीशिवाय कापलं तर करडू धडपडतं, जखम वाढते आणि वेदनेनं ते खचतं.

भूल दोन तऱ्हेची असते. कापायची तेवढीच जागा बधिर करायची, किंवा जनावर पूर्ण झोपवायचं. लहान काम असेल तर बऱ्याचदा जागा बधिर करून भागतं. पण तेही औषध मापातच हवं. नुकतं जन्मलेलं करडू दोन-अडीच किलोचं. जागा बधिर करण्याचं नेहमीचं दोन टक्क्यांचं लिग्नोकेन त्याला एक मिलीसुद्धा जास्त होऊ शकतं. जास्त झालं तर झटके येतात. गुंगीचं झायलाझिन गाईगुरांना घोड्याच्या साधारण दहाव्या हिश्शानं पुरतं, आणि शेळी तर त्याला फारच नाजूक. त्यानं श्वास आणि हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणून ही इंजेक्शनं डॉक्टरांनीच द्यायची. गावात कोणी अंदाजानं टोचत असेल तर त्याच्या हाती करडू देऊ नका.

करडू म्हणजे लहान आकाराची शेळी नव्हे. त्याचं यकृत अजून कच्चं असतं, त्यामुळे औषध अंगातून लवकर उतरत नाही. अंगात चरबी कमी, म्हणून ते पटकन गार पडतं. साखरेचा साठाही थोडाच, म्हणून उपाशी राहिलं की गळून जातं. डॉक्टर हे सगळं जाणतात, पण ऑपरेशनच्या आधीची आणि नंतरची राखण आपल्या हातात असते.

पहिलं काम वजनाचं. डोस वजनावर ठरतो. गटानं एक लटकता काटा घेतला तर सगळ्यांच्या कामी येईल. करडू पिशवीत ठेवून वजन करा आणि डॉक्टरांना सांगा.

दुसरं, उपास. मोठ्या शेळीच्या कोठीपोटात चारा-पाणी भरलेलं असतं. भुलीत ते तोंडात येऊन श्वासनळीत जाऊ शकतं, म्हणून तिला आधी उपाशी ठेवतात. तेच बघून दूधपित्या करडाला रात्रभर आईपासून तोडू नका. त्याला दोन-चार तासांपेक्षा जास्त उपास सोसत नाही. दूध नेमकं कधी थांबवायचं ते डॉक्टरांना विचारा.

तिसरं, ऊब. शेळीचं तापमान साधारण १०२ ते १०३ फॅरनहाइट असतं, भुलीत ते उतरतं. करडू कोरड्या गोणपाटावर ठेवा, अंगावर पांघरूण घाला. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळूनच जवळ ठेवा. भुलीतल्या करडाला चटका कळत नाही, कातडी भाजते.

चौथं, बसवणं. ऑपरेशन झालं की करडाला पोटावर, पाय दुमडून बसवा. दोन्ही बाजूंना पोत्यांचा टेकू द्या. आडवं पडून राहिलं तर पोटात वायू साठतो. तोंड थोडं खाली असू द्या, म्हणजे लाळ बाहेर पडेल. डाव्या कुशीवर लक्ष ठेवा, ती फुगली तर लगेच डॉक्टरांना कळवा.

पाचवं, घाई नको. मायेपोटी आपण लगेच बाटली तोंडाला लावतो. अर्धवट शुद्धीत दूध फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. करडू उभं राहिलं, नीट गिळायला लागलं, की मग आईला लावा. तोवर त्याला इतर शेळ्यांपासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब ठेवा.

हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर दिसल्या, श्वास अडखळला, किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेत करडू उठलं नाही, तर वाट बघू नका. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर आधीच लिहून ठेवा. फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे.

भुलीत धोका असतोच, पण वजन, दूध, ऊब आणि बसवणं या चार गोष्टी सांभाळल्या तर तो पुष्कळ कमी होतो. येत्या बैठकीत काट्याचा विषय जरूर घ्या.