स्वयंचलित गिअरबॉक्स : रस्त्यावरील चाचणी व दोषनिदान
(भाषण)



निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९३२ साली २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू झाली. बीदर आणि गुलबर्गा, म्हणजे २०१४ पासूनचे कलबुर्गी, हे जिल्हे तेव्हा त्याच संस्थानात होते. त्या काळच्या चालकाचा एक हात व एक पाय दिवसभर गिअर आणि क्लच यांतच गुंतलेला असे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबाईल गाडीत हा ताप दूर केला. आपल्याकडे मात्र २०१४ साली मारुती सुझुकीची सेलेरिओ आली, तेव्हा कोठे स्वयंचलित गिअर मध्यम कुटुंबाच्या आवाक्यात आला. आता भालकी, औराद, आळंद या भागांतही अशा गाड्या दिसू लागल्या आहेत.

सोय आली, तशी नवी अडचणही आली. गिअरबॉक्स उतरवून उघडण्याचा खर्च तुरीच्या एका हंगामाची कमाई गिळू शकतो. यास्तव पाने हाती घेण्यापूर्वी गाडी रस्त्यावर चालवून पाहणे, हे निदानातील पहिले आणि सर्वांत स्वस्त काम होय.

प्रथम गाडीची जात ओळखावी. सेलेरिओसारख्या एएमटी गाडीत नेहमीचाच गिअरबॉक्स व क्लच असतो. तो दाबण्याचे काम फक्त यंत्र करते. गिअर बदलताना बसणारा हलका झोका हा तिचा स्वभाव आहे, दोष नव्हे. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी रोखून धरली, तर मात्र तिचा क्लच जळतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत सारी शक्ती तेलातून वाहते. म्हणून तिचे तेल आधी पाहावे. तेल तपकिरी-काळे व जळका वास येणारे असेल, तर आतील क्लच झिजले आहेत असे समजावे. ते दुधाळ गुलाबी असेल, तर त्यात रेडिएटरचे पाणी मिसळले आहे.

त्यानंतर चाचणी. इंजिन व तेल तापू द्यावे आणि हुमनाबाद–बसवकल्याणसारखा मोकळा रस्ता, गर्दी नसलेली वेळ पाहून, निवडावा. शेजारी एक जण बसवावा; नोंदी त्याने कराव्यात, चालकाने नव्हे. ब्रेक दाबून ‘डी’ घालताच गाडीने एक-दोन सेकंदांत पकड घ्यावी. उशीर लागला, तर तेल अथवा त्याचा दाब कमी आहे. मोठा धक्का बसला, तरी लगेच घाबरू नये. ‘गिअरबॉक्स गेला’ असे ज्याला म्हणतात, ते पुष्कळदा इंजिनाचे तुटलेले माउंटिंग निघते. धावताना इंजिनाचे फेरे चढतात पण वेग वाढत नाही, तेव्हा गिअर घसरतो आहे. सर्वच गिअरांत घसरत असेल, तर तेल, गाळणी वा पंप तपासावा; एकाच गिअरात घसरत असेल, तर दोष त्या गिअरच्या क्लचपुरता असण्याचा संभव अधिक.

ताशी ६०–७० किलोमीटर वेगात गाडी खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी थरथरते, तेव्हा एक जुनी युक्ती उपयोगी पडते. ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला केवळ स्पर्श करावा. थरथर तत्काळ थांबली, तर दोष कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचकडे वळतो. न थांबली, तर इंजिनाकडे पाहावे. ब्रेक धरून पूर्ण ॲक्सिलरेटर देण्याची ‘स्टॉल’ चाचणी मात्र जाणकारांवर सोपवावी. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, आणि या चाचणीत तेल काही सेकंदांतच अतोनात तापते.

दिसलेले सर्व मिस्त्रीला सांगावे : कोणत्या वेगाला, गार असताना की तापल्यावर, चढावर की सपाटीवर. काम सोलापूर वा हैदराबादला न्यावे लागले, तरी ही चिठ्ठी सोबत द्यावी.

गाडी वाटेतच बंद पडली, तर शेजारच्या शेतातील ट्रॅक्टर दोर घेऊन धावून येतो. त्याची सद्‌भावना खरी, पण टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत तेलाचा पंप इंजिनावर चालतो; इंजिन बंद ठेवून चाके फिरवली, की आतील भाग कोरडे घासतात. ढकलूनही ती सुरू होत नाही. तिची चारही चाके उचलून ट्रकवर चढवूनच न्यावी, भाडे अधिक पडले तरी.