दूरच्या संगणकाचे दार उघडत नाही तेव्हा



शाळेच्या एका खोलीत बसून दुसऱ्या खोलीतल्या संगणकावर काम करता येते, हे आता आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. याला दूरस्थ लॉगिन म्हणतात. काम सुरळीत चालते तोवर त्याचे काही वाटत नाही. पण निकालपत्रके तयार करायची असतात त्याच संध्याकाळी पडद्यावर इंग्रजीत नकार उमटतो, आणि गुरुजींचा धीर सुटतो. मग कोणी तारा उपसतो, कोणी परवलीचा शब्द बदलतो, कोणी संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल, काढूनच टाकतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! तेव्हा खोट नेमकी कुठे आहे, हे शोधायचे कसे, ते आज पाहू.

आधी थोडा पूर्वेतिहास. १९६९ सालापासून टेलनेट नावाची पद्धत होती. तिच्यात परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डासारखा तारेवरून जाई. वाटेत कोणीही वाचावा. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर असे शब्द चोरले गेले. तेव्हा तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी एसएसएच ही पद्धत रचली. हिच्यात सारा मजकूर जणू मोहोरबंद पाकिटातून जातो. टेलनेटचे दार २३ क्रमांकाचे, फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचे २१. मधले २२ मोकळे होते, ते एसएसएचला मिळाले. या दारालाच पोर्ट म्हणतात.

आता असे समजा, की आपण परगावी कोणाच्या घरी निघालो आहोत. तिथे तीन गोष्टी लागतात. रस्ता हवा, दार उघडणारा हवा, आणि त्याने आपल्याला ओळखायला हवे. बिघाड या तिन्हींपैकी एकीत असतो, आणि पडद्यावरचा संदेशच ती कोणती हे सांगतो.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ किंवा ‘नो रूट टू होस्ट’ आले, तर हाकेला ओ मिळाली नाही असे समजा. दूरचे यंत्र बंद असेल, तार निघाली असेल, किंवा पत्ता चुकला असेल. पुष्कळदा राउटर यंत्रांना पत्ते वाटतो आणि काही दिवसांनी ते बदलतो. काल ज्या आकड्यावर यंत्र होते, तिथे आज दुसरेच असते, किंवा कोणीच नसते. म्हणून त्या यंत्रापाशी जाऊन पत्ता पाहावा, आणि राउटरमध्ये तो कायमचा नेमून द्यावा. ‘पिंग’ करून पाहणे चांगले. पण एक ध्यानात ठेवा, बरं का! काही फायरवॉल पिंगला उत्तरच देऊ देत नाहीत. पिंग लागला नाही म्हणून यंत्र मेले, असे समजू नये.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले, तर एका परीने बातमी चांगली. आपण घरापर्यंत पोहोचलो. पण त्या दाराशी बहुधा कोणी बसलेले नाही. दूरच्या यंत्रावर एसएसएचची सेवा चालू आहे का, आणि ती २२ वरच आहे की दुसऱ्या क्रमांकावर, हे पाहावे. त्याच यंत्रावर बसून त्याचे स्वतःचेच दार ठोठवावे. आतून उघडले आणि बाहेरून नाही, तर अडथळा वाटेवर किंवा फायरवॉलमध्ये आहे. तेव्हाही भिंत पाडायची नाही. शाळेच्या जाळ्यापुरती त्या एका दाराला वाट द्यायची.

‘परमिशन डिनाइड’ म्हणजे रस्ता ठीक, दारही उघडले, पण ओळख पटली नाही. खातेदाराचे नाव बरोबर आहे का? लिनक्समध्ये लहान-मोठी अक्षरे वेगळी धरतात. परवलीचा शब्द टाइप करताना पडद्यावर काहीच दिसत नाही, तो दोष नव्हे. किल्लीची फाइल वापरत असाल, तर ती आपल्याखेरीज इतरांना वाचता येता कामा नये. तशी ती असली तर एसएसएच ती नाकारतो. एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर आज्ञेत आडवी रेघ आणि व्ही हे अक्षर घाला. गाडी कोणत्या मुक्कामी थांबली, ते ओळीओळीने दिसेल.

आणखी एक संदेश येतो: दूरच्या यंत्राची ओळख-किल्ली बदलली आहे. इथे घाई करू नका. यंत्रावर नवी प्रणाली घातली असेल किंवा पत्ता दुसऱ्या यंत्राकडे गेला असेल, तर कारण निरुपद्रवी. पण त्या घरात कोणी तोतया बसला असण्याचाही संभव असतो. यंत्र सांभाळणाऱ्याला विचारावे, त्याच्याकडच्या ठशाशी ताळा करावा, आणि मगच जुनी नोंद पुसावी.

शिक्षक बंधुभगिनींनो, त्या यंत्रात मुलांचे गुण, त्यांचे पत्ते, त्यांची माहिती असते. काम अडले म्हणून कुलूप काढून ठेवणे सोपे. पण ते कुलूप मुलांच्या विश्वासाचे आहे. एका वेळी एकच बदल करा, केलेला बदल वहीत लिहा, आणि उपयोग झाला नाही तर तो मागे घ्या. पहिल्यांदा रस्ता, मग दार, मग ओळख. हा क्रम सोडला नाही, तर खोट सापडते, आणि कुलूपही जागच्या जागी राहते.