स्वभावाला औषध नाही?

स्वभावाला औषध नाही, ही म्हण लहानपणी मी सर्वांत जास्त वेळा ऐकली ती माझ्या खालाबद्दल. खाला म्हणजे मावशी. घडीत गळ्यात पडायची, घडीत ताट भिरकावायची. रात्री कुठं दाराची कडी वाजली की ताडकन उठून बसायची, मग सकाळपर्यंत दिवा विझवू द्यायची नाही. नातेवाईक म्हणत, नाटकी आहे. एकदा शहरातल्या डॉक्टरांना दाखवलं. दहा मिनिटांत त्यांनी सांगितलं, हिच्या व्यक्तिमत्त्वातच दोष आहे. म्हणजे आमचीच म्हण त्यांनी इंग्रजीत लिहून दिली!

खालू वारल्यानंतर एका दुपारी, तांदूळ निवडता निवडता, ती अम्मीला म्हणाली, "आपा, कडी वाजली की आता मार बसणार, हे मला ठाऊक असायचं." अम्मीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. इतक्या वर्षांत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनीही नाही.

१९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या अधिकृत यादीत दोन निदानं एकाच वेळी नव्यानं आली. एक 'पीटीएसडी', म्हणजे भयंकर आघातानंतर मनात राहून गेलेली दहशत. त्यामागं व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा रेटा होता. दुसरं 'बॉर्डरलाइन' व्यक्तिमत्त्वविकार. हे निदान दवाखान्यांतून पुरुषांपेक्षा बायकांच्याच वाट्याला कितीतरी जास्त आलं. फटाक्याला दचकणाऱ्या सैनिकाला लोक विचारतात, लढाईत काय पाहिलंस? कडीला दचकणाऱ्या बाईचा मात्र स्वभाव ठरतो. आणि एकदा तो ठरला की तिचा संताप हे लक्षण, तिचं गप्प बसणं हे लक्षण, आणि तिनं मार सांगितला तर तेही नाटक.

ज्युडिथ हर्मन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ सालच्या 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' या पुस्तकात दाखवून दिलं, की घरात वर्षानुवर्षं छळ सोसणारी बाई आणि कैदेतला माणूस यांच्या मनाच्या जखमा सारख्याच असतात. अशा दीर्घ छळातून येणाऱ्या विकाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत स्वतंत्र जागा मिळाली. ती यादी लागू झाली २०२२ साली. म्हणजे मध्ये तीस वर्षं गेली.

मी काही डॉक्टर नाही, बी. ए. झालेला, कविता करणारा माणूस. व्यक्तिमत्त्वविकाराचं प्रत्येक निदान चुकीचं, असं मी म्हणणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत असू शकतात, आणि त्या विकारावरही उपचार आहेत, माणसं त्यातून सावरतात. तेव्हा म्हण तिथंही खोटीच पडते. पण काय घडलं, हे न विचारता उपचार तरी कशावर करणार?

त्या दुपारनंतर अब्बांनी आमच्या दाराची कडी काढून लाकडी अडसर बसवला. पुढं खाला आमच्याकडे मुक्कामाला आली की रात्री झोपायची. दिवा मात्र शेवटपर्यंत जळत ठेवावा लागायचा.