पथ्याचा कागद आणि पच्चक्खाण : मधुमेहींच्या सामूहिक आहारशिक्षणाविषयी

(व्याख्यानाचा सारांश)



मधुमेहाचे निदान झालेला गृहस्थ दवाखान्यातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हाती बहुधा एक छापील कागद असतो. सकाळी अमुक, अकरा वाजता तमुक, रात्री साडेआठला दोन पोळ्या, सोबत कांदा, गाजर व मुळ्याची कोशिंबीर आणि झोपताना कपभर साय काढलेले दूध. चौविहार पाळणाऱ्या श्रावकाच्या घरात या कागदाचा उत्तरार्ध पहिल्याच दिवशी निकामी ठरतो. कंदमुळे वर्ज्य, रात्रीचे जेवण वर्ज्य, निजतानाचे दूधही वर्ज्य. मग तो कागद घडी होऊन कपाटात जातो आणि गोळ्या तेवढ्या चालू राहतात. वैद्यांनी त्या गोळ्या मात्र रात्री साडेआठला जेवण होईल असे धरून लिहिलेल्या असतात. गोळी आणि घास यांची अशी ताटातूट होणे हे या विकारातील एक मोठे संकट आहे, आणि त्याकडे समाजाचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

प्रश्न थोड्या घरांचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सर्वेक्षणाचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. त्याच सर्वेक्षणाच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील प्रौढांमध्ये हे प्रमाण शेकडा ८.४ आढळले होते. अंगाने सडपातळ असणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली आपले व आपल्या इंग्रज सहकाऱ्याचे मोजमाप ‘लॅन्सेट’मध्ये छापले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३, परंतु शरीरातील चरबी इंग्रज गृहस्थांची शेकडा ९.१ आणि याज्ञिकांची २१.२! भारतीय देह बाहेरून कृश आणि आतून मेदयुक्त असू शकतो, हे त्या एका छायाचित्राने जगाला पटवून दिले.

अशा रुग्णाला आहार शिकवायचा कसा? एकेकट्याला बोलावून दहा मिनिटांत, की दहा-पंधरा जणांना एकत्र बसवून? इंग्लंडमधील लँकाशायर परगण्यात ट्रूडी डीकिन या आहारतज्ज्ञ विदुषीने दुसरी वाट धरली. आठवड्यातून एकदा दोन तास, असे सहा आठवडे वर्ग. तीनशेहून अधिक रुग्णांवर केलेल्या या प्रयोगाचे फलित २००६ साली प्रसिद्ध झाले. वर्गाला आलेल्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी ‘एचबीएवनसी’ ही तपासणी चौदा महिन्यांनंतरही सुधारलेली होती. वजन व कंबर कमी झाली होती आणि औषधांची गरजही तुलनेने घटली होती. याउलट दुसऱ्या एका इंग्रजी प्रयोगात, २००८ साली, नव्याने निदान झालेल्यांना एकूण सहा तासांचे सामूहिक शिक्षण दिले गेले. तेथे वजन उतरले, धूम्रपान सुटले, मनाची उदासी कमी झाली, परंतु वर्षअखेर साखरेच्या तपासणीत फरक दिसला नाही. म्हणजे माणसे गोळा करून एक दिवसाचे भाषण ठोकले की काम झाले, असे नव्हे. पुनःपुन्हा भेटणे, घरी करून पाहणे आणि पुढच्या वेळी येऊन सांगणे, यांना पर्याय नसावा.

हा वर्ग जालन्यात भरवायचा तर त्याचे पुस्तक परदेशातून आणून चालणार नाही. येथील स्वयंपाकघर निराळे आहे. राजस्थानातून पिढ्यांपूर्वी आलेल्या कुटुंबांत दाल-बाटी, गट्टे आणि कढी टिकून आहे, त्याला मराठवाड्याच्या ज्वारीची जोड मिळाली आहे. भाकरीविषयी एक गोड गैरसमज सर्वत्र रूढ आहे : पोळीने साखर वाढते, भाकरीने वाढत नाही. ज्वारी उत्तम धान्य आहे यात वाद नाही; तथापि साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे चाळीस ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे जवळपास दोन फुलक्यांइतकी. हे तोंडाने सांगून कोणाला पटत नाही. आहारतज्ज्ञाने वर्गात तराजू ठेवावा, घरची भाकरी, घरची बाटी, घरची वाटी आणायला सांगावी आणि ज्याची त्यानेच मोजावी. जेवणापूर्वी व जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहून चोपडीत लिहावी. जालन्याच्या मोसंबीचेही तसेच. फळ म्हणून एक मोसंबी सोलून चोथ्यासकट खाणे वेगळे, आणि तीन-चार मोसंब्या पिळून ग्लासभर रस ‘शक्तीसाठी’ पिणे वेगळे.

त्यात तिथी आल्या. बीज, पंचमी, अष्टमी, एकादशी, चतुर्दशीला अनेक घरांत हिरवी भाजी होत नाही. ‘अर्धे ताट भाजीने भरा’ हा जगभरचा उपदेश महिन्यातून दहा दिवस या घरांत लागूच पडत नाही. त्या दिवशी भात, पापड आणि पुऱ्या यांनी ताटाची ती रिकामी बाजू भरून निघते. हा समाज जाणणारी आहारतज्ज्ञ अशा दिवसांसाठी मुगाची मोगर, बेसनाचे गट्टे (तेलाचा हात आखडून), पातळ कढी, घरच्या नियमात बसत असल्यास केर-सांगरी असे ताट सुचवील. बटाटा घरात येत नाही, हा या पथ्यातील आयताच लाभ. मात्र तेवढ्यावर विसंबून मिठाईला मोकळीक मिळाल्याचे पुष्कळदा दिसते. वर्गाला रुग्णाबरोबर घरात स्वयंपाक करणारी व्यक्तीही आलीच पाहिजे. सासरे शिकून आले आणि चूल सुनेच्या हाती, अशाने काही साधत नाही.

आता घड्याळाकडे वळावे. डिसेंबरात जालन्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. दुसऱ्या दिवशी सूर्योदय सातच्या आगेमागे, त्यानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी नवकारशी. म्हणजे पोट जवळजवळ चौदा तास रिकामे. तेच अंतर जूनमध्ये साडेअकरा तासांवर येते. सायंकाळी लवकर जेवणे मधुमेह्याला बहुधा हितकरच आहे. परंतु जूनमध्ये बेताची ठरलेली संध्याकाळची गोळी वा इन्सुलिन डिसेंबरात पहाटे तीनला साखर पाडू शकते. सगळी औषधे सारखी नसतात. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी ती उतरते. डॅपाग्लिफ्लोझिनच्या वर्गातील नव्या गोळ्यांचा धोका आणखी वेगळा : दीर्घ उपवासात त्या चालू राहिल्या तर रक्तात आम्ल साचण्याचे, प्रसंगी जिवावर बेतणारे संकट संभवते, म्हणून त्या काही दिवस आधीच थांबवाव्या लागतात. काय थांबवावे आणि किती कमी करावे हे डॉक्टरांनीच ठरवायचे. वर्गाचे काम इतकेच की, तपस्वी त्यांच्याकडे वेळेवर जावा आणि चौविहार, एकासन, आयंबिल की अठाई, हे त्याने मोकळेपणाने सांगावे.

कारण हे सांगितले जात नाही. डॉक्टर नको म्हणतील म्हणून तप त्यांच्यापासून लपविले जाते आणि तपात खंड नको म्हणून रात्रीची घेरी घरच्यांपासून लपविली जाते. अंगाला दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड, बोलण्यात असंबद्धता, आणि मापकावर ७० मिलिग्रॅमहून खाली आकडा : अशा वेळी तीन चहाचे चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात विरघळवून तत्काळ द्यायची असते आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा पाहायची असते. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालायचे नसते. तिला रुग्णालयातच न्यायचे असते. पच्चक्खाण मोडेल या भीतीने त्या पंधरा मिनिटांत चालढकल झाली, तर पुढचे नुकसान भरून येत नाही. शास्त्रकारांनी मात्र याचा विचार फार पूर्वी केलेला आहे. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार सांगितलेले आहेत आणि त्यांत सर्वसमाधीचा आगार तीव्र व्याधीच्या प्रसंगी औषधोपचारासाठीच ठेवलेला आहे. त्याची मर्यादा कोठवर, हे साधू-साध्वीजींकडून समजून घ्यावे; आहारतज्ज्ञाने त्यात बोलू नये. पण वर्गातील एका बैठकीला त्यांचे मार्गदर्शन लाभले, तर जो प्रश्न एकट्याने विचारायला संकोच वाटतो तो पंधरा जणांत कोणीतरी विचारतोच, आणि उत्तर सर्वांना मिळते. गटाचा खरा उपयोग येथे आहे.

अन्य समाजाने हे करून पाहिले आहे. लंडनमध्ये रमजानपूर्वी मुस्लिम मधुमेहींसाठी असेच सामूहिक वर्ग घेतले गेले. त्याचा वृत्तान्त २०१० साली प्रसिद्ध झाला. एकूण १११ रुग्ण होते. वर्गात शिकलेल्यांमध्ये साखर उतरण्याचे प्रसंग रोज्यांपूर्वी ९ होते ते रोज्यांच्या काळात ५ झाले. न शिकलेल्यांमध्ये ते ९ वरून ३६ झाले. दोन्ही गटांनी रोजे धरले होते. जैन तपांविषयी इतक्या बारकाईने झालेले काम त्या मानाने फार थोडे आहे, आणि आयंबिल किंवा छत्तीस तासांचा उपवास म्हणजे रोजा नव्हे, हेही खरे. तरीही धडा घेण्याजोगा आहे.

काहींना मात्र तप वर्ज्यच मानावे लागेल. ज्यांना लहानपणापासून इन्सुलिनवाचून गत्यंतर नाही, ज्या भगिनी गर्भवती आहेत, ज्यांचे मूत्रपिंड क्षीण झाले आहे, ज्यांना अलीकडेच साखर उतरून रुग्णालय गाठावे लागले आहे, अशांना दीर्घ उपवासाचा आग्रह घरच्यांनी करू नये आणि न केल्याबद्दल टोमणाही मारू नये. कुटुंबात सर्वांची अठाई होत असताना एकट्याने ताटावर बसणे किती जड जाते, ते वर्गातच बोलले जाईल. ऊणोदरी, रसत्याग, स्वाध्याय ही तपे त्यांनाही खुली आहेत.

इन्सुलिनविषयी एक शंका वडीलधाऱ्यांत अजून आढळते, ती प्राणिज असल्याची. पूर्वी ते गाय-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत, ही गोष्ट सत्य आहे. १९८२ साली अमेरिकेत मानवी इन्सुलिनला मान्यता मिळाली आणि तेव्हापासून ते जिवाणू वा यीस्ट यांच्या साहाय्याने तयार होऊ लागले. आज सर्वसाधारणपणे मिळते ते याच जातीचे.

राहता राहिला मुहूर्त. आषाढ शुद्ध चतुर्दशीला चातुर्मास बसतो आणि श्रावण वद्यात श्वेतांबर परंपरेचे पर्युषण सुरू होते. मध्ये सहा रविवार मिळतात. डीकिनबाईंच्या वर्गालाही सहाच आठवडे लागत. स्थानकाचे सभागृह दुपारी मोकळे असते. पहिल्या दोन रविवारी ताट आणि तराजू, तिसऱ्या रविवारपर्यंत ज्यांना तप करायचे आहे त्यांनी डॉक्टरांना भेटून औषधांचा लेखी बदल आणावा, चौथ्या रविवारी साखर उतरण्याची लक्षणे व उपाय, पाचव्या रविवारी साधू-साध्वीजींचे मार्गदर्शन, आणि सहाव्या रविवारी पारण्याचा विचार. मुगाचे पाणी आधी की राब, किती आणि कोणत्या क्रमाने, हे ज्यांच्या हाती पारण्याचे वाढप असते त्या भगिनींनीही त्या दिवशी अवश्य यावे.