शिदोरीची भाकरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. चार माणसांपुढे बोलण्याचा हा पहिलाच प्रसंग, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या.

आपला तारापूरचा किल्ला तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. 1739 च्या जानेवारीत चिमाजीअप्पांच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून घेतला. तिथे बाजी भिवराव कामी आले, हे इतिहासात लिहिलेले आहे. पण घाट उतरून आलेल्या शिपायांच्या शिदोऱ्या घरोघरी कोणी बांधून दिल्या, ते कोण लिहिणार?

माझे माहेर नगरकडचे. तिकडे लांबच्या वाटेला दशमी देतात. ज्वारीचे पीठ पाण्याऐवजी दुधात मळायचे, हवा तर थोडा गूळ घालायचा. साधी भाकरी दुसऱ्या दिवशी वाळून तुटते. दशमी दोन दिवस मऊ राहते. मात्र पुरती गार झाल्याशिवाय फडक्यात बांधू नये. वाफ धरली की ती लवकर खराब होते. सोबत कांदा आणि लसणाची चटणी असली की झाले. दूर स्कॉटलंडातही चौदाव्या शतकात घोडेस्वार खोगिराखाली लोखंडी पत्रा व मागे ओट नावाच्या धान्याचे पीठ बांधून नेत आणि मुक्कामाला स्वतःच भाकरी भाजून घेत, असे वाचून मला मोठी गंमत वाटली. म्हणजे देश कोणताही असो, लढाईला भाकरी लागतेच!

आमची मुलगी पालघरहून मुंबईला नोकरीला जाते. डब्यात दशमी दिली की तिला लाज वाटे. “आई, सगळ्याजणी हसतात गं,” म्हणायची. एकदा तर डबा ओट्यावरच ठेवून गेली. मी बोलले नाही, पण मनाला लागले. जन्मभर मी भाकऱ्याच तर केल्या!

2018 च्या जुलैत नालासोपाऱ्याकडे रूळ पाण्याखाली गेले. तिची गाडी वाटेतच अडकली. त्या दिवशी मी हट्टाने चार दशम्या पिशवीत कोंबल्या होत्या. त्या पाचजणींनी वाटून खाल्ल्या. रात्री घरी आल्यावर चिंब पदराने माझा हात धरून ती म्हणाली, “आई, मला शिकव.”

भगिनींनो, आता रविवारी ती परातीपुढे बसते. तिची दशमी अजून कडेला चिरते. पण जमेल. आपल्या मुलींना, आणि मुलग्यांनाही, एवढे तरी शिकवूया.