अडलेला प्रवास आणि उघडे दार
(ज्ञातिमंडळाच्या चांदीप येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आज बोलण्याची आज्ञा मला झाली, ती मी शिक्षकी पेशात आयुष्य घालविले म्हणून, असे मी समजतो. विद्वत्तेचा अधिकार मजपाशी नाही. तेव्हा ज्या एका गोष्टीची चर्चा गेले काही महिने आपल्या ओट्यांवर चालू आहे, तीच आपल्यापुढे मांडतो. कार्यकारिणीपुढे एक सूचना आलेली आहे, की विद्यार्थी साहाय्य निधीतून सहलीसाठी यापुढे पैसे देऊ नयेत आणि मुलींना तर परप्रांतात पाठवूच नये. या सूचनेमागील काळजी खरी आहे. तीतून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

घडले ते थोडक्यात सांगतो. आपल्या समाजातील सात महाविद्यालयीन विद्यार्थी, चार मुलगे व तीन मुली, नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस पाठीवर सॅक टाकून हिमालयाकडे निघाले. आपल्या तुंगारेश्वराच्या डोंगरावर लहानपणापासून चढलेली ही मुले. गढवालातील तुंगनाथ पाहावा ही त्यांची इच्छा. ते देऊळ ३,६०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. हिवाळ्यात त्याची दारे बंद असतात, तरी बाहेरून दर्शन घेऊन मुले तृप्त झाली. जाताना आगगाडी, उतरावयास धर्मशाळा, असा काटकसरीचा बेत होता. चैन एकच. परतीचा दिल्ली ते मुंबई प्रवास विमानाने. सातांपैकी एकाच्याही घरातील कोणी तोवर विमानात बसलेले नव्हते. त्या तिकिटांसाठी त्यांनी वर्षभर शिकवण्या केल्या, लग्नसराईत वाढप्याचे काम केले. काही भार आपल्या निधीने उचलला.

५ डिसेंबरच्या पहाटे ती दिल्लीस पोहोचली आणि विमानतळावर जाऊन पाहतात तो फलकावर एकामागून एक उड्डाण रद्द! वैमानिकांच्या विश्रांतीचे सुधारलेले नियम १ नोव्हेंबरपासून पूर्णपणे अमलात आले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली आणि रात्री विमान उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आली. नियम प्रवाशांच्या जिवासाठीच होते; थकलेल्या हाती विमान देऊ नये हे कोणीही मान्य करील. परंतु त्यांस पुरेल अशी वैमानिकांची जुळणी वेळेत झाली नव्हती. त्या एका दिवशी देशात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. उरलेल्या विमानांचे भाडे इतके चढले, की ६ डिसेंबरला सरकारला कमाल दर ठरवून द्यावे लागले. रेल्वेनेही ३७ गाड्यांना ११६ जादा डबे जोडले. पण हे सारे दुसऱ्या दिवशीचे. त्या सकाळी सातांकडे मिळून ४,२०० रुपये होते, आणि त्यांतील एका मुलीची परिचर्या अभ्यासक्रमाची प्रात्यक्षिक परीक्षा ८ तारखेस, सोमवारी होती.

आता आपल्या सर्वांना लाजविणारी गोष्ट सांगतो. एका मुलाने फोनवर आपल्या मागील स्मरणिकेतील नावपत्त्यांची यादी शोधून मागविली. दिल्लीत आपले कोणी आहे काय? यादी डहाणूपासून मुंबईपर्यंत येऊन थांबलेली! मग तीच परीक्षेची मुलगी म्हणाली, "आपले कोणी नाही, तर जे आहेत त्यांना विचारू." विमानतळावरील एका वृद्ध शीख सफाई कामगाराने त्यांना बंगला साहिब गुरुद्वाऱ्याचा रस्ता सांगितला. तेथे कोणी त्यांची जात विचारली नाही, गाव विचारले नाही. पंगतीत बसविले, पोटभर जेवू घातले, रात्रीपुरता निवारा दिला. सकाळी मुलींनी लंगरात पोळ्या लाटल्या, मुलांनी ताटे घासली. दुपारी निजामुद्दीन स्थानकावर साध्या डब्यात कशीबशी जागा मिळवून, सॅकवर बसून ती निघाली. सुरतेस उतरून दुसरी गाडी धरली व रविवारी दुपारी विरारास आली. सोमवारी मुलीने परीक्षा दिली. ती उत्तीर्ण झाली हे सांगण्यास मला आनंद वाटतो. सात जणांच्या खर्चाची पै-पैची वहीही तिनेच ठेवलेली आहे. ती मी पाहिली. आमच्या मंडळाच्या हिशेबनिसांनी राग मानू नये, पण ती अधिक स्वच्छ आहे.

सज्जनहो, प्रवास अडणे ही काही नवी गोष्ट नव्हे. पेणजवळील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. मिळालेले द्रव्य लुटले गेले, तरी गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. ते घरीच बसते, तर त्या काळचा एक डोळस साक्षीदार महाराष्ट्राने गमावला असता. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडातील ज्वालामुखीच्या राखेने युरोपातील सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली. मार्च २०२० मध्ये साथीमुळे आपल्या देशातील प्रवासी विमाने दोन महिने जमिनीवर राहिली. मे २०२५ मध्ये सीमेवरील संघर्षामुळे ३२ विमानतळ काही दिवस बंद होते. एवढ्याने जगाने प्रवास सोडला नाही. १८६७ साली विरारहून मुंबईस पहिली गाडी सुटली, तेव्हाही धुराच्या गाडीत बसू नये असे सांगणारे वडीलधारे असतीलच. त्यांचे ऐकले असते, तर आज आपली निम्मी घरे कशावर चालली असती?

मग चूक झाली ती कोठे? तिकिटे एका दलालाकडून काढली आणि त्यावर मुलांच्या ऐवजी दलालाचाच दूरध्वनी क्रमांक पडला. उड्डाण रद्द झाल्याची सूचना त्याच्याकडे गेली, आणि त्याचे दुकान बंद! प्रवाशाने आपला संपर्क क्रमांक दिलेला नसेल, तर वेळेत सूचना न मिळाल्याबद्दलची नुकसानभरपाई त्याला मागता येत नाही, असा नियम आहे. उड्डाण कंपनीने रद्द केले, तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा हा मात्र प्रवाशाचा हक्क आहे. त्या वेळचे परतावे ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत पूर्ण करावेत असा सरकारी आदेशही निघाला होता. मुलांचे पैसे दलालामार्फत फिरून, उशिराने का होईना, परत आले. म्हणजे दोष प्रवासाचा नव्हता, मुलींचा तर नव्हताच. अज्ञानाचा होता, आणि अज्ञान दूर करणे हेच या मंडळाचे काम आहे.

म्हणून त्या सूचनेच्या जागी माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, सहलीचे साहाय्य चालू ठेवावे, पण तिकीट स्वतःच्या नावे व स्वतःच्या क्रमांकावर काढणे, आणि परतीच्या साध्या रेल्वेभाड्याएवढी रक्कम अखेरपर्यंत राखून ठेवणे, या अटी घालाव्यात. परीक्षेच्या आधी निदान चार दिवस मोकळे असावेत. दुसरी, परगावी नोकरीस असलेल्या ज्ञातिजनांचे पत्ते, त्यांच्या संमतीने, पुढील स्मरणिकेत छापावेत.

तिसरी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी चढले व गाड्या अडकल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. असा प्रसंग पुन्हा येईल. त्या दिवशी चांदीपचे आपले हे सभागृह वाटेत अडलेल्या कोणाही माणसासाठी उघडे असावे. एक पातेले पिठले-भात शिजावा, आणि दारात कोणाची जात विचारली जाऊ नये. परक्यांच्या पंगतीत आपली मुले जेवली आहेत. ते ऋण दिल्लीस जाऊन फिटणार नाही. ते येथेच फेडले पाहिजे.

ज्ञातिमंडळ म्हणजे कुंपण, असे काही जण मानतात. मी त्याला घराचा ओटा मानतो. ओट्यावर घरची माणसे बसतात, आणि वाटसरूही टेकतो.

ती सातही मुले आज मागच्या रांगेत बसली आहेत. पुढच्या वर्षी ती पुन्हा निघणार आहेत, विमानाने. त्यांना निरोप द्यावयास आपण सर्वांनी यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.