होडीवरची पाहुणी

पाहुणी येणार असली की आपण काय करतो? शेजारून चादरी आणतो, साखर जास्तीची भरून ठेवतो, आणि घरातली अडचण तिच्या कानावर जाऊ देत नाही. अडचण सांगणं म्हणजे आपला कमीपणा, असं आपल्याला वाटतं. आज मी तुम्हाला अशा घरातला पाहुणचार सांगणार आहे, जिथे अडचण लपवली तर पाहुणीच्या जिवावर बेतू शकतं. ते घर पाण्यावर तरंगतं, आणि तेही स्कॉटलंडच्या समुद्रात.

माझी कॉलेजातली मैत्रीण लग्नानंतर तिकडे ग्लासगो शहरात राहते. तिची आणि नवऱ्याची नऊ मीटर लांबीची शिडाची होडी आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघं होडीतच राहतात, तिथेच रांधतात, आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जातात. मागच्या जूनमध्ये तिची शाळेतली मैत्रीण पुण्याहून चार दिवस त्यांच्याकडे राहायला गेली. ती सगळी हकिकत मी फोनवर ऐकली.

आधी तो मुलूख डोळ्यांसमोर आणा. स्कॉटलंड म्हणजे ब्रिटनचा उत्तरेकडचा भाग. त्याचा पश्चिम किनारा फार तुटलेला आहे. समुद्र डोंगरांच्या मधून आत आत शिरलेला, आणि समोर शेकडो लहानमोठी बेटं. ओबन नावाचं बंदर आहे, तिथे ग्लासगोहून आगगाडीने तीन तासांत पोचता येतं. ओबनसमोर मल नावाचं मोठं बेट आहे. जूनमध्ये तिथे रात्री दहा वाजून गेले तरी उजेड असतो. पण उन्हाळा असूनही समुद्राचं पाणी 12-13 अंशांच्या आसपास, म्हणजे गारठवून टाकणारं.

पाहुणी निघण्याआधीच मैत्रिणीने तिला निरोप पाठवला. कडक सुटकेस आणू नकोस, ती ठेवायला जागा नाही, घडी होणारी कापडी बॅग आण. जून असला तरी स्वेटर आण. बूट रबरी तळाचे हवेत. गाडीत मळमळत असेल तर आत्ताच सांग, त्याची गोळी होडी हलायच्या आधी घ्यावी लागते. यातली एकही गोष्ट तिने संकोचाने पोटात ठेवली नाही.

पाहुणी ओबनला पोचली. आपल्याकडे आधी पाणी देतात, मग चहा. इथे आधी लाइफ जॅकेट. ते अंगाला नीट बसवून पट्टे आवळले, आणि मगच चहा ठेवला. असं का? गार पाण्यात माणूस अचानक पडला की पहिल्या मिनिटाला श्वासच आवरत नाही. धाप लागते, तोंडात पाणी जातं. चांगलं पोहणारासुद्धा तिथे फसतो. अशा वेळी हातपाय मारायचे नाहीत. डोकं मागे टाकून उताणं तरंगायचं, श्वास ताब्यात आला की मग पुढचं. तिकडची जीवरक्षक नौकांची संस्था 1824 पासून काम करते. तिच्या नौकांवर बहुतेक स्वयंसेवकच असतात. ही संस्था लोकांना हेच शिकवते.

मग घर दाखवलं. टाकीत दीडशे लिटर पाणी. ते तिघांना पुरवायचं, म्हणून नळ सोडून भांडी घासायची नाहीत. संडासाला हातपंप, त्यात कापड किंवा पॅड टाकलं की तो तुंबलाच. शेगडी विझवली की सिलिंडरजवळचा कॉकही बंद करायचा. गॅस हवेपेक्षा जड असतो. तो होडीच्या तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीने पेट घेतो. बायांनो, हे आपल्या स्वयंपाकघरालाही लागू आहे. रेडिओवर मदत कशी मागायची, तेही पाहुणीकडून म्हणवून घेतलं: सोळा नंबरचं चॅनेल, "मेडे" तीनदा, होडीचं नाव आणि आपण कुठे आहोत ते. होडी चालवणारी दोघंच. त्यांनाच काही झालं तर हाक मारायला तिसरी तयार हवी.

पाहुणीला कामही दिलं. सकाळी दोर गुंडाळायचा, संध्याकाळी भाजी चिरायची. मैत्रीण म्हणाली, "अगं, पहिल्या दिवशी ती नुसती बसून होती, तेव्हा तिला फार मळमळत होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात सुकाणू दिलं, दूरच्या डोंगराकडे बघायला सांगितलं, आणि तिचं पोट ठिकाणावर आलं."

आता याच किनाऱ्यावरची एक जुनी गोष्ट. जॉर्ज ऑर्वेल हे मोठे इंग्रज लेखक. त्यांचा जन्म 1903 साली आपल्या बिहारमधल्या मोतिहारीचा. 1947 साली ते ओबनच्या दक्षिणेला जुरा बेटावर राहून पुस्तक लिहीत होते. त्या उन्हाळ्यात भाचे मंडळी त्यांच्याकडे राहायला आली होती. जुराच्या उत्तर टोकाला कॉरीव्रेकन नावाची सामुद्रधुनी आहे. जगातल्या मोठ्या भोवऱ्यांपैकी एक तिथे आहे. कोकणातल्या मैत्रिणी जाणतात, भरती-ओहोटीची वेळ साधली तर खाडी शांत, चुकली तर तीच खाडी ओढून नेते. ऑर्वेल यांच्याकडून भरती-ओहोटीचं कोष्टक वाचण्यात चूक झाली. लहान होडीत त्यांचा तीन वर्षांचा मुलगा होता, भाचा आणि भाचीही होती. लाटांनी होडीचं इंजिनच उखडून नेलं. वल्ही मारत ते एका खडकाळ बेटाशी पोचले, आणि उतरताना होडी उलटली. सगळे वाचले, ते तिथून जाणाऱ्या मासेमारांनी पाहिलं म्हणून. होडीत पाहुणे असले की त्यांचाही जीव घरधन्याच्या हिशेबावर असतो, तो असा.

म्हणूनच तिकडचे दर्यावर्दी पाहुण्याला सांगतात, दिवस तू ठरव नाहीतर जागा तू ठरव, दोन्ही ठरवू नकोस. आमच्या पाहुणीची ओबनहून परतीची गाडी चौथ्या दिवशी दुपारी होती. त्या सकाळी होडी मल बेटाच्या उत्तर टोकाला, टोबरमोरीच्या बंदरात होती. रंगीत घरांची रांग असलेलं ते देखणं गाव. ओबन तिथून शिडाने पाच-सहा तास. बीबीसी रेडिओवर समुद्रासाठी वेगळं हवामानवृत्त असतं. त्यात जोराचा वारा सांगितला होता, आणि तोही समोरून येणारा. पाहुणी म्हणाली, "माझ्यासाठी निघू या ना, मला भीती नाही वाटत." मैत्रिणीला क्षणभर वाटलं, हिला एकटीला बसमध्ये कसं बसवायचं? पण ती म्हणाली, "तुझ्यासाठीच निघणार नाही." टोबरमोरीहून क्रेगन्यूरला बस जाते, आणि तिथून मोठी प्रवासी बोट पाऊण-एक तासात ओबनला पोचवते. मोठ्या बोटीला जो वारा झेपतो, तो नऊ मीटरच्या होडीला झेपेलच असं नाही. पाहुणी बसने गेली, बोटीने गेली, आणि तिला गाडीही मिळाली. होडी मात्र दोन दिवस नांगरावरच होती.

मैत्रिणींनो, तिने पक्वान्नं केली नव्हती. एका शेगडीवर खिचडी आणि पिठलं, एवढंच. पण पाणी किती आहे, धोका कुठे आहे, कोणतं काम तुझं, आणि "आज नाही" हे शब्द, हे सगळं तिने पाहुणीला वेळेवर दिलं. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढताना पाहुणे येतात. बाळंतिणीच्या घरी येतात, घरात आजारी माणूस असताना येतात, आणि आपण हसत हसत एकटीच राबतो. पुढच्या बैठकीत यावर बोला. येणारीला आधी काय सांगायचं, तिच्याकडे कोणतं काम द्यायचं, आणि "आत्ता नको, पुढच्या महिन्यात ये" हे प्रेमाने कसं म्हणायचं, ते एकमेकींकडून ऐका. जिला खरं सांगितलं, ती पाहुणी घरातलीच होते.